डाव्या पायाच्या स्टॉपरने जर्मनीला जायचं कसं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २०, फुटबॉलमध्ये डावी स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीच्या मध्यातली डिफेंडर (सेंटर बॅक), खेळतेसही डाव्या पायाने. बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू आहे, गुजरातकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळून झाल्या आहेत आणि इंडियन विमेन्स लीगच्या दुसऱ्या श्रेणीत एक हंगाम झाला आहे. कुणीतरी सांगितलंय की पाच लाख भरा, जर्मनीत ट्रायल लावून देतो. त्यावरून दांडिया बाजारातल्या घरी वाद चाललाय आणि तू विचारतेस, परीक्षा सोडून जाऊ का?

पैसे देऊ नकोस आणि परीक्षाही सोडू नकोस. दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, ती नीट समजून घे.

आधी एजंट. खेळाडूचं काम बघणाऱ्याकडे फिफाचं लायसन्स लागतं, आणि ते आहे की नाही हे फिफाच्या साइटवर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. त्याच्याशी करार लेखी असतो आणि खेळाडूच्या बाबतीत तो दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. त्याचा मोबदला तुला मिळणाऱ्या पगारावर ठरतो. पगाराचा पत्ता नसताना ट्रायलच्या नावाने लाखभरही मागणारा माणूस एजंट नव्हे. अशी मंडळी बहुतेक वेळा पर्यटक व्हिसावर नेतात. त्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पगार घेऊन खेळता येत नाही. क्लबला तू आवडलीस तरी कामाच्या व्हिसासाठी भारतात परत यावंच लागतं. बडोदेकरांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येतात.

आता खरी अडचण, जी कुणी सांगत नाही. व्यावसायिक खेळाडू म्हणून जर्मनीचा व्हिसा हवा असेल तर तीन अटी आहेत: वय किमान १६, जर्मन फुटबॉल महासंघाकडून तुझ्या खेळाच्या दर्जाला दुजोरा, आणि क्लबने द्यायचा ठोस पगार. जर्मनीत निवृत्तिविम्याचा हप्ता एका ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावरच कापला जातो; हा पगार त्या मर्यादेच्या निम्मा तरी असावा लागतो. २०२५ साली ती मर्यादा महिन्याला ८०५० युरो होती, म्हणजे पगार किमान ४०२५ युरो, करकपातीच्या आधीचा. आकडा दर जानेवारीत बदलतो. २०२५-२६पासून महिला बुंडेसलीगात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च श्रेणीत, १४ संघ आहेत. तिथले मोठे क्लब हा पगार सहज देतात. दुसऱ्या श्रेणीत मात्र कित्येकजणी शिकत किंवा नोकरी करत खेळतात, आणि त्याखालच्या रेगिओनाललीगात तर बहुतेक सगळ्याच. म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या प्रशिक्षकाला तू पसंत पडलीस तरी क्लबच्या तिजोरीत तेवढे पैसे नसले की व्हिसा अडतो. उत्तम खेळूनही मुली इथेच थांबतात.

म्हणून तुझ्या पातळीच्या खेळाडूला मला शिक्षणाचा रस्ता सर्वात भरवशाचा वाटतो. भारताकडून खेळलेली डिफेंडर दालिमा छिब्बर कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात गेली आणि तिथल्या संघातून खेळली. बाला देवी २०२०मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, मनीषा कल्याण २०२२मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडे, त्याच वर्षी सौम्या गुगुलोथ आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली ज्योती चौहान क्रोएशियात दिनामो झाग्रेबकडे. दालिमा सोडली तर या चौघी पुढच्या फळीतल्या. गोल आकड्यांत दिसतात, स्टॉपरचं काम आकड्यांत फारसं दिसत नाही. त्यामुळे डिफेंडरला बघायला क्लबला वेळ लागतो, आणि तो वेळ तुला मिळवून देतो विद्यार्थी व्हिसा. तू तिथेच राहत असलीस की क्लबला महिनाभर सरावात बघता येतं.

विद्यार्थी व्हिसासाठी बी.कॉम. पूर्ण हवं. जर्मनीत मास्टर्सला काही विद्यापीठं तीन वर्षांची भारतीय पदवी पुरेशी धरतात, काही धरत नाहीत. अनाबिन नावाच्या सरकारी यादीत आपली युनिव्हर्सिटी बघ आणि प्रत्येक कोर्सच्या प्रवेश विभागाला ई-मेल करून लेखी उत्तर घे. चौथं ऑनर्स वर्ष करायचं का, हे त्या उत्तरांवरून ठरव. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं, त्याला काही आठवडे जातात. खर्चाची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही; बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. क्लबने पगार दिला तर तोही काम म्हणूनच धरला जातो, तेव्हा हिशेब ठेव. ट्रायलवर उधळायला निघालेले पाच लाख या खात्यात गेले तर निदान तुझ्याच नावावर राहतील.

एक छोटा रस्ता आणखी आहे: क्लबमध्ये स्वयंसेवी वर्ष, वयाच्या २७च्या आत. दिवसभर शाळांत आणि मुलांच्या संघांत काम, संध्याकाळी सराव, हातात फक्त खिशाखर्च. जर्मन बऱ्यापैकी यायला हवं. इंग्लंडचा विचार सध्या सोडून दे, तिथे कामाच्या व्हिसासाठी फुटबॉल महासंघाची मान्यता लागते आणि तिचे गुण मुख्यतः राष्ट्रीय संघाच्या सामन्यांवर आणि लीगच्या दर्जावर मिळतात.

आता व्हिडिओ. तू पाठवलेली फीत तीन मिनिटांची आहे, त्यात अकरा स्लायडिंग टॅकल आणि खाली गाणं. गाणं काढून टाक. स्लायडिंग टॅकल बघून अनुभवी प्रशिक्षक पहिला प्रश्न विचारतो: ही आडवी पडली म्हणजे आधी कुठे चुकली? बॉल नसताना ती काय करते, हे त्याला बघायचं असतं. म्हणून अख्खे सामने हवेत, किमान तीन: एक तगड्या संघाविरुद्धचा, एक हरलेला, आणि एक गेल्या दोन महिन्यांतला. हरलेला सामना लपवू नकोस, दडपणाखाली मागची ओळ कशी वागते हे त्यातच कळतं. चित्रण मध्यरेषेच्या समोर, उंचावरून. पोलो ग्राउंडसारख्या उघड्या मैदानावर शूटिंग असेल तर निदान चार-पाच मीटर उंच स्टँड किंवा गच्ची शोध. कॅमेरा बॉलच्या मागे धावला की स्टॉपर चौकटीच्या बाहेर जाते आणि सगळी मेहनत वाया. चौघींची ओळ कायम दिसेल इतकं रुंद ठेवायला कॅमेरा धरणाऱ्याला आधीच बजाव. लीगचे सामने ऑनलाइन दाखवले गेले असतील तर त्यांची लिंक दे.

यासोबत सहा ते आठ मिनिटांची निवडक फीत. प्रत्येक तुकडा बॉल तुझ्याकडे येण्याच्या पाच-सहा सेकंद आधी सुरू कर आणि सुरुवातीला तुझ्यावर बाण असू दे. क्रम असा ठेव: डाव्या पायाने दडपणाखाली दिलेले पुढचे पास, मग पाठीमागच्या मोकळ्या जागेची राखण, मग एकास एक, मग हेडर, शेवटी कॉर्नर. पास आधी, कारण डाव्या पायाची स्टॉपर कमी मिळते. उजव्या पायाच्या मुलीला डावीकडे उभं केलं की ती बॉल आत ओढून घेते आणि तिथेच दडपणात सापडते. तू तो थेट बाजूच्या रेषेने किंवा आतल्या फटीतून पुढे देऊ शकतेस. हे तुझं सर्वात मोठं भांडवल आहे.

खेळात काय सुधारायचं, तेही सांगते, कारण तू पाठवलेल्या दोन अख्ख्या सामन्यांत ते दिसतं. समोरची स्ट्रायकर मध्यात उतरली की तू तिच्यामागे पंधरा-वीस मीटर जातेस आणि मागे भोक पडतं. आपल्याकडे त्या भोकात धावणारी मुलगी क्वचित असते, म्हणून चूक पचते. तिथे विंगर त्याचीच वाट बघत असते. नियम साधा: ती पाठमोरी बॉल घेतेय आणि तू एका झेपेत पोचू शकतेस तर जा, नाहीतर मिडफिल्डरच्या हवाली करून ओळीत परत ये. दुसरी गोष्ट, बॉल ज्या मुलीकडे आहे तिच्यावर दडपण नसेल तर ओळ मागे घ्यायची, ती पाठमोरी झाली किंवा बॉल मागे गेला की ओळ वर. तू उलट करतेस, बॉल मोकळा असताना वर थांबतेस, आणि डोक्यावरून आलेला एक लांब पास पुरतो. तिसरी, तुझा क्लिअरन्स, म्हणजे धोक्यातून दूर मारलेला बॉल, पेनल्टी बॉक्सच्या समोर, मध्यात पडतो. तो रुंदीकडे, बाजूच्या रेषेकडे गेला पाहिजे. आणि आपला संघ चढाईवर असताना स्टॉपरला सुट्टी नसते. तेव्हाच स्ट्रायकरच्या एक पाऊल मागे, आपल्या गोलच्या बाजूला उभं राहायचं.

बोलणंही आलं पाहिजे. स्टॉपर गप्प राहिली तर प्रशिक्षक तिला संघात धरत नाही. ‘राउस’ म्हणजे ओळ बाहेर काढा, ‘हिंटरमान’ म्हणजे मागे माणूस आहे, ‘त्साइट’ म्हणजे वेळ आहे. हे तीन पहिल्या दिवशी ओरडता यायला हवेत. बाकी जर्मन ए२ पातळीपर्यंत बडोद्यातूनच करून जा.

शरीराचं लांबवत नाही, पण गुडघ्याबद्दल बोलायलाच हवं. बायकांमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा दोन-तीन पट आहे. फिफाचा ११ प्लस वॉर्मअप २० मिनिटांचा आहे, आठवड्यातून किमान दोनदा कर, कंटाळा आला तरी. फर्म ग्राउंड आणि सॉफ्ट ग्राउंड असे दोन जोड बूट लागतील. मातीवर झिजलेल्या एकाच जोडावर नोव्हेंबरात पाय घसरेल. जाण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि व्हिटॅमिन डी तपासून घे. घरी शाकाहारी असाल तर बी१२ आणि फेरिटिन कमी निघण्याची शक्यता बरीच असते, आणि थकवा तिथूनच येतो. वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. तिथे मागरक्वार्क नावाचा चक्क्यासारखा पदार्थ मिळतो, त्याच्या २५० ग्रॅमच्या डब्यात साधारण ३० ग्रॅम प्रथिनं असतात.

कागदपत्रांत सर्वात जास्त घोळ होतो तो नावात. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या चौकटीत, आणि ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या नोंदणीत क्लबने टाकलं असेल तसं. आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र फिफाच्या संगणक प्रणालीतून मागवलं जातं, ते नवा महासंघ मागतो आणि आपला देतो. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही, किंवा जुन्या क्लबचा करार अजून चालू दिसला, की प्रकरण अडकतं आणि खेळाडू बदलीची मुदत (ट्रान्सफर विंडो) संपते. बडोद्याच्या पासपोर्ट केंद्रात दुरुस्ती आत्ताच करून घे आणि क्लबकडून करार संपल्याचं पत्र सहीशिक्क्यासह घेऊन ठेव.

पुढे कधी करार हातात आला तर हे बघ. वैद्यकीय तपासणी किंवा वर्क परमिटवर कराराची वैधता अवलंबून ठेवायला फिफाची बंदी आहे, म्हणून तपासणी सहीच्या आधी होऊ दे. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. संघ खालच्या श्रेणीत घसरला तर करार चालू राहतो की संपतो, हे शब्दांत लिहून घे. पगार करकपातीच्या आधीचा की हातात येणारा, हे विचार. ४०२५मधून कर आणि विमे जाऊन एकट्या मुलीच्या हातात साधारण २६०० युरो पडतात. घर क्लबचं की तुझं, हेही लिहिलेलं असावं. दोन पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवसांनी करार मोडता येतो. पगारी खेळाडूचा अपघात विमा व्हीबीजी या संस्थेकडे असतो. बिनपगारी खेळताना तो नसतो, तेव्हा गुडघ्याचा खर्च कोण करणार हे आधी विचारून घे.

वेळापत्रक असं ठेव. आत्ता नाव-दुरुस्ती आणि चित्रण, सोबत एपीएसचा अर्ज. परीक्षेनंतर जर्मन आणि विद्यापीठांचे अर्ज. हिवाळी सत्राची अंतिम तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती बरीच आधी येते. विद्यापीठ निवडताना त्या गावापासून तासाभरात दुसऱ्या श्रेणीचा किंवा रेगिओनाललीगचा महिला संघ आहे ना, हे नकाशावर बघ. क्लबला ई-मेल मार्च-एप्रिलमध्ये कर, त्यांची पुढच्या हंगामाची जुळवाजुळव तेव्हा चाललेली असते. विषयात फक्त एवढं: डाव्या पायाची सेंटर बॅक, जन्मसाल, उंची, अमुक महिन्यापासून तुमच्या शहरात शिकायला येत आहे. खाली तीन सामन्यांच्या लिंक आणि तुझा जर्सी क्रमांक. क्रमांक लिहायला बहुतेकजणी विसरतात, मग बघणाऱ्याला बावीस जणींत तू कोण ते कळत नाही.