नेपरविलमध्ये (शिकागोजवळ) घर घेताना स्कूल डिस्ट्रिक्ट (ठरावीक भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) 203 बघावं की 204? भाड्याच्या घरावर प्रवेश मिळतो का?

भाड्याच्या घरावर प्रवेश नक्की मिळतो, आणि सरकारी शाळेत शिकवणीची फी नसते. शाळांचा बराचसा खर्च घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. भाडेकरू तो भाड्यातून भरतच असतो, त्यामुळे मनात कमीपणा मुळीच ठेवू नका.

पण पत्त्यात 'नेपरविल' आहे एवढ्यावर घर ठरवू नका. इथे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शहराची हद्द वेगळी, स्कूल डिस्ट्रिक्टची वेगळी. 203 मध्ये नेपरविल सेंट्रल आणि नेपरविल नॉर्थ ही दोन हायस्कूलं. 204 म्हणजे इंडियन प्रेअरी, त्यात वॉबॉन्सी व्हॅली, न्यूक्वा व्हॅली आणि 2009 मध्ये सुरू झालेली मेटिया व्हॅली. यातली वॉबॉन्सी आणि मेटिया तर शेजारच्या ऑरोरा शहरात आहेत. दक्षिणेकडची काही घरं प्लेनफिल्डच्या 202 मध्ये जातात. म्हणून लीजवर सही करण्याआधी नेमका पत्ता डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर टाकून प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल अशा तिन्ही शाळा बघा. एजंटच्या शब्दावर अजिबात राहू नका.

203 की 204? माझ्या मते दोन्ही उत्तम. रेटिंगच्या एखाद्या आकड्यासाठी ऑफिसचा प्रवास लांबवू नका, मुलांना संध्याकाळी आईबाबा घरी हवे असतात.

भारतातून येताना मुलांच्या लसीकरणाची नोंद आणि जन्मदाखला हातातल्या बॅगेत ठेवा. इलिनॉयमध्ये नव्याने येणाऱ्या मुलाला डॉक्टरांकडून आरोग्य तपासणीचा फॉर्म भरून घ्यावा लागतो, त्याची अपॉइंटमेंट आधीच घ्या.