वाचकांचे प्रश्न : एमजीबीचा पंप, मारुतीचा कॅटॅलिटिक आणि पद्मिनीची नळी

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. माझ्या आत्याचे यजमान डॉक्टर होते. अमेरिकेतली नोकरी संपवून परतताना त्यांनी 1973 ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार सोबत आणली, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. ते गेल्यावर गाडी आत्याच्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात कोपऱ्यात उभी होती, सोळा वर्षं. आता ती माझ्याकडे आली आहे. इंजिन चालू झालं, पण पुढचा एक पट्टा किंचाळतो, पेट्रोलचा वास येतो, इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरजवळ शिट्टी वाजते, पुढून ऑइल गळतं आणि चावी काढली तरी इंजिन चार-पाच झटके देत राहतं. आमचे मेकॅनिक म्हणतात, हा सगळा अमेरिकेच्या पोल्युशनचा पसारा आहे, काढून फेकू, गाडी दीडपट पळेल. काढू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पत्र वाचलं आणि उत्तर लिहायच्या आधी तुमच्याकडे येऊन गाडी बघून गेलो. बोनेट न उघडता अशा गाडीबद्दल लिहिणं मला पटत नाही.

आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे तुमच्या मेकॅनिकची भीडही चेपेल. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन आणि आपल्या जुन्या अॅम्बॅसडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातली भावंडं आहेत, दोन्ही ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजची. ज्याने अॅम्बॅसडरचं हेड उतरवलंय त्याला हे इंजिन परकं नाही. मी वडिलांच्या हाताखाली शिकलो तेच टॅक्सी अॅम्बॅसडरवर. परकं आहे ते या इंजिनाला वरून जोडलेलं सामान. अमेरिकेत 1968 पासून धुराचे नियम लागू झाले आणि तिकडे जाणाऱ्या एमजीबीला हवेचा पंप बसायला लागला, मग कोळशाचा डबा आला, मग बाकीचं. आपल्याकडच्या बहुतेक मेकॅनिकांनी ते पूर्वी पाहिलेलं नसतं, म्हणून त्यांना तो पसारा वाटतो.

पट्टा किंचाळतो तो या पंपाचा. पंपाचं काम एवढंच, की ताजी हवा चारही एक्झॉस्ट पोर्टमध्ये सोडायची, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथेच जळून जातं. तुमचा पंप आतून जाम झालाय. हाताने पुली फिरवून पाहिली, ती हलत नाही. पट्टा तिच्यावर घासतोय, दुसरं काही नाही. तो पट्टा आजच काढा, इंजिनाला काही होणार नाही. पण पंप भंगारात देऊ नका. जाम पंप पुष्कळदा उघडून, साफ करून, बेअरिंग बदलून पुन्हा फिरतो.

पंप बंद ठेवून गाडी चालवायची असेल तर दोन कामं पट्ट्याबरोबरच करा. पंपाकडून इनलेट मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या वाटेला) जाणारी एक जाड नळी आहे, तिच्यावर गल्प व्हॉल्व्ह आहे. अॅक्सिलरेटर एकदम सोडला की तो मॅनिफोल्डमध्ये क्षणभर हवा सोडतो आणि सायलेन्सरमधले फटाके थांबवतो. पंप नसेल तर ती मॅनिफोल्डची बाजू घट्ट बंद झाली पाहिजे, नाहीतर इंजिन तिथून हवा घेईल आणि स्लोला (अॅक्सिलरेटर न दाबता) कधी नीट चालणार नाही. दुसरं काम हेडवरच्या हवेच्या पाइपाचं. त्यावरचा चेक व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा धूर पंपाकडे उलटा जाऊ देत नाही. तुमचा जाऊ देतोय. त्याला जोडलेली रबरी नळी बोटभर लांबीवर जळून कोळशासारखी झालीय, हात लावला की भुगा पडतो. तो पाइप काढून चारही भोकं बोल्टनेच बंद करायला हवीत. आटे इंची आहेत, यूएनएफ. मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून घालाल तर हेड जाईल. आणि ते चार नट पन्नास वर्षांचे आहेत, पहिल्याच दिवशी पाना लावू नका. चार दिवस रोज गंज सोडवायचं तेल मारा, इंजिन गरम करून पुन्हा मारा, मग हळूच हलवून बघा.

आता तो काळा डबा. तांब्याएवढा, वर तीन नळ्या. मेकॅनिक तोच आधी काढायला निघाले होते, आणि याच डब्यासाठी मी एवढं लांब लिहितोय.

त्यात कोळशाचे दाणे असतात. गाडी उभी असताना टाकीतून आणि कार्बोरेटरमधून उडणारी पेट्रोलची वाफ हा कोळसा धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की डब्याच्या तळातून बाहेरची हवा आत ओढली जाते, कोळशातली वाफ घेऊन वरच्या नळीने टॅपेट कव्हरमध्ये जाते, तिथून इंजिनाच्या पोटात, आणि पुढच्या बाजूच्या कव्हरमधून निघून कार्बोरेटरमध्ये जळायला. म्हणजे हा डबा एकट्या वाफेसाठी नाही, इंजिनाचं पोट श्वास घेतं ते याच्याच वाटेने. मी तुमच्या डब्याचं खालचं झाकण उघडलं. तळाला गाळणीची गोल गादी असते, तिच्यावर यंत्रमागाचा कापूस नमद्यासारखा बसला होता. गुलाबी, पोपटी, पिवळा, ज्या रंगाचे टॉवेल त्या वर्षी मागावर होते त्या रंगाचे थर. नखाने सोलले तर पापुद्रे निघाले. हवा आत जायला जागाच नव्हती. मग कार्बोरेटर इंजिनाच्या पोटातून ओढत राहणार, आणि हवा मिळेल तिथून आत घुसणार. टॅपेट कव्हरच्या गॅसकेटमधून घुसते तेव्हा शिट्टी वाजते. ऑइल गळतं त्या पुढच्या सीलवरही तोच ताण आहे. सील वाळलेलं असणारच, पण आधी गादी बदला आणि आठ दिवस गाडी चालवून मग सीलचं बघा. कोळसाही बदला. पाण्याच्या फिल्टरच्या दुकानात नारळाच्या करवंटीचा दाणेदार कोळसा मिळतो, तो चाळून, भुकटी उडवून भरायचा.

हा डबा काढून टॅपेट कव्हरचं तोंड तसंच उघडं ठेवलं तर आपल्या रस्त्यांची धूळ सरळ ऑइलमध्ये जाणार.

आणखी एक आहे. या गाडीच्या टाकीचं झाकण बंद जातीचं असतं, त्याला हवेचं भोक नाही. टाकीला हवा मिळते ती डब्याच्याच नळीतून. पुष्कळ वर्षांपूर्वी अमेरिकेहून आलेल्या अशाच एका गाडीचा डबा मी काढला होता आणि टाकीची नळी बोल्ट घालून बंद केली होती. मालक मे महिन्यात बायकोमुलांना घेऊन पुण्याला निघाले आणि मोहोळच्या अलीकडे गाडी बंद पडली. मी दुसऱ्या गाडीने गेलो. दुपारचे अडीच वाजले होते, लहान मूल रडून रडून झोपलं होतं. पेट्रोल पंप तपासला, फिल्टर तपासला, काही सापडेना. शेवटी टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली. टाकीला हवाच नव्हती, पेट्रोल पुढे येणार कुठून? चूक सर्वस्वी माझी होती. त्या मुलाचं लाल झालेलं तोंड मी विसरलेलो नाही, म्हणून सांगतो, ही नळी कधीही बंद करू नका.

चावी काढल्यावरचे झटके. डब्याखालून गेलेली एक वायर आणि छोटी विजेची झडप आहे. चावी बंद केली की ऑइलचं प्रेशर असेपर्यंत ही झडप डब्याचं बाहेरचं तोंड मिटते आणि मॅनिफोल्डची ओढ कार्बोरेटरच्या पेट्रोलवर लावते. पेट्रोल पुढे जात नाही, इंजिन तिथल्या तिथे थांबतं. म्हणजे मेकॅनिकला जी वस्तू फेकायची आहे तीच तुमची तक्रार दूर करण्यासाठी बसवलेली आहे! उन्हाळ्यात पारा 42-43 वर जाणाऱ्या गावात ही झडप मी सोन्यासारखी जपेन. तुमच्याकडे तिच्या वायरचं टोक गंजून सुटलंय. टोक घासून जोडा, मग प्रेशर स्विच तपासा. स्लो जास्त असेल तरीही असे झटके येतात, आणि तुमचा स्लो जास्तच आहे. या कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या चकतीत बारीक स्प्रिंगची एक झडप असते, ती सैल पडली की स्लो खाली येत नाही. ती मात्र खुशाल बाद करा, साध्या चकत्या मिळतात.

पेट्रोलचा वास रबरी नळ्यांचा आहे. सगळ्या नळ्या बदला, आणि 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणाऱ्याच घ्या. जुनं रबर या पेट्रोलने लवकर फुगतं आणि तडकतं.

राहिलं दीडपट पळण्याचं. पंप फिरायला लागते ती ताकद अगदी किरकोळ. अमेरिकेच्या एमजीबी मंदावल्या त्याचं मोठं कारण इंजिनाच्या आत आहे, तिथे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 8.8 वरून 8 वर आणलं होतं. ते काही नळ्या कापून परत येत नाही. मिश्रण नीट लावा. एसयू कार्बोरेटरचा पिस्टन बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर उचलायचा. आवाज क्षणभर चढून पुन्हा बसला तर बरोबर, चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन मरायला लागलं तर कमी. टायमिंग, प्लग, टॅपेट. मी खात्रीने सांगतो, गाडी तुम्हाला नवीन वाटेल.

जे काढाल ते चिठ्ठ्या लावून पेटीत ठेवा, नळ्या कापू नका. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नकोत, अशी त्यात अट आहे. अशी नोंदणी झालेली गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली-प्रदर्शनाला आणि पेट्रोल-दुरुस्तीला नेता येते, हेही लक्षात घेऊन ठरवा. तुमच्या गाडीवर सगळं मूळ सामान अजून आहे, असं फार क्वचित सापडतं.

प्रश्न : आमची 1996 ची मारुती मुंबईत घेतलेली, 1997 पासून सोलापुरात. गाडीखाली खडखड वाजतं आणि चढावर दम लागतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फोडून रिकामा करून देतो, पीयूसी तरीही पास होईल, असं गॅरेजवाले म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : पीयूसी पास होईल, हे खरं आहे. तुमच्या काळातल्या चारचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, नीट ट्यून केलेली गाडी कॅटॅलिटिकशिवायही त्यात बसते. तरीही फोडू नका, असं मी म्हणेन.

तुमचा कॅटॅलिटिक का मेला हेही मी सांगू शकतो. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि शिसं नसलेलं पेट्रोल आधी तिथेच मिळायला लागलं. देशभर ते यायला 2000 साल उजाडलं. मधली तीन वर्षं तुम्ही सोलापुरात शिशाचं पेट्रोल भरलंत, दुसरं मिळतच नव्हतं. शिसं आतल्या प्लॅटिनमच्या थरावर बसतं आणि त्याचं काम कायमचं थांबतं. त्यात तुमची काही चूक नाही. खडखड वाजतोय तो आतला मधाच्या पोळ्यासारखा दगड, तो फुटलाय आणि तुकडे आडवे येऊन धुराची वाट अडवतायत, म्हणून दम. खात्री करायची तर पुढचा पाइप सैल करून गाडी थोडी रेस करून बघा, इंजिन मोकळं झाल्यासारखं वाटेल.

नवा बसवा. पण आधी प्लग, वायर आणि कार्बोरेटर ठीक करा, मिसिंग असलेल्या इंजिनावर नवा कॅटॅलिटिक काही दिवसांत वितळतो. जुना डबा गॅरेजात सोडून येऊ नका, आतल्या धातूंना भंगारात चांगला भाव आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीत आपलं सोलापूर आहे. सात रस्त्याच्या सिग्नलला तुमच्या मागे शाळेची रिक्षा उभी असते, तिच्यातली पोरं हाच धूर ओढतात. माझी नातही त्यात असते.

प्रश्न : पद्मिनीच्या इंजिनातून एअर फिल्टरला जाणारी नळी मेकॅनिकने काढून खाली सोडली आहे. म्हणतात, फिल्टर तेलकट होत होता. चालेल का?
— एक वाचक, बाळीवेस

उत्तर : नाही, परत जोडून घ्या. खाली सोडलेल्या नळीतून ऑइलचा धूर रस्त्यावर आणि तुमच्याच गाडीत येतो. फिल्टर तेलकट होतो म्हणजे पिस्टनच्या बाजूने गॅस खाली उतरतोय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादा कमी निघाला तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह बघा. आकडे मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात सांगतो.