आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत कोणाला जागा द्यावी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तीत सध्या सहा यलो लॅब आणि दोन ऑराटस हे सिक्लिड कुळातले मासे आहेत. टाकी रिकामी वाटते, म्हणून एंजलची एक जोडी आणि दहा-बारा निऑन टेट्रा आणण्याचा विचार आहे. विक्रेत्याने एक फ्रंटोसाही सुचवला आहे. हे सगळे एकत्र नांदतील का?

उत्तर : नांदणार नाहीत, आणि खरी अडचण नव्या माशांपेक्षा आधीपासून टाकीत असलेल्या दोन ऑराटसची आहे.

आधी पाहुण्यांचे पाहू. एंजल आणि निऑन हे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यात वाढलेले मासे आहेत. लॅब आणि ऑराटस हे मलावी सरोवरातले असल्यामुळे त्यांना ७.८ ते ८.६ पीएचचे जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी मानवते. पाण्याचा मेळ कसाबसा घातला, तरी एंजलचे लांब, लोंबते पर आठवड्याभरात कुरतडले जातील आणि निऑन तर सरळ खाल्ले जातील. फ्रंटोसा टांगानिका सरोवरातला आहे. तो फूटभर वाढतो, स्वभावाने संथ असतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. तुमच्या टाकीत लहानपणी त्याला मार खावा लागेल आणि मोठेपणी टाकीच अपुरी पडेल. ‘आफ्रिकन’ या एका शब्दावर विसंबून खरेदी करू नये, असे मी नेहमी सांगतो. पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस हाही आफ्रिकन सिक्लिडच, पण त्याला मऊ पाणी लागते.

आता ऑराटस. लहानपणी नर आणि मादी दोघेही सोनेरी पिवळे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे आणि इतके देखणे असतात की पाहणारा हमखास फसतो. मीही फसलो होतो. माझ्या टाकीतल्या एका ऑराटसचे पोट काही आठवड्यांत काळवंडू लागले, पिवळा रंग जाऊन अंग गडद झाले आणि तो नर असल्याचे उघड झाले. त्यानंतर एका सकाळी पाहिले, तर बाकीचे सगळे मासे हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागालगत एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होते, त्यांच्या शेपट्या चिंध्यांसारख्या फाटलेल्या होत्या आणि उरलेली संपूर्ण टाकी त्या एकट्याची झाली होती. तुमचे दोन्ही ऑराटस नर निघाले तर एकच उरेल. नर-मादी निघाले तर नर त्या एकुलत्या एका मादीला जगू देणार नाही. ते शक्य तितक्या लवकर परत करावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर सोबती निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: सरोवर, आहार आणि रंग. रंगाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एम्बुना, म्हणजे मलावीच्या खडकाळ भागात राहणारे सिक्लिड, आपल्यासारख्या दिसणाऱ्या माशालाच प्रतिस्पर्धी समजतात, कारण तोच त्यांची जागा आणि मादी बळकावण्याची शक्यता असते. म्हणून पिवळ्या लॅबबरोबर दुसरा पिवळा मासा ठेवू नये. गंजलेल्या तांब्याच्या आणि जांभळ्या रंगाच्या मधली छटा असलेले, स्वभावाने सौम्य असे सहा रस्टी सिक्लिड आणि जांभळ्या अंगाचे, पिवळ्या शेपटीचे पाच-सहा एसेई तुमच्या लॅबना शोभतील. एसेई पाण्याच्या वरच्या थरात फिरतात, त्यामुळे खालच्या कपारींवरची गर्दीही कमी होते. प्रत्येक जातीत एका नरामागे किमान तीन माद्या असाव्यात, म्हणजे नराचा त्रास एकाच मादीच्या वाट्याला येत नाही.

आहाराबाबत एक सावधगिरी. बहुतेक एम्बुना खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात आणि त्यांचे आतडे लांब असते. त्यांना मांसाहारी माशांचे प्रथिनयुक्त खाद्य सतत दिले तर पोट फुगून मासा दगावू शकतो. लॅब मूळचा किडे-गोगलगाई टिपणारा असला तरी शेवाळयुक्त खाद्यावर व्यवस्थित राहतो, म्हणून या मेळात सर्वांना तेच द्यावे.

मासे एकेक करून आणू नयेत. आधी दगडांची रचना पूर्ण बदलावी, म्हणजे जुन्या माशांच्या ठरलेल्या हद्दी मोडतात, आणि मग दिवा बंद करून सगळे नवे मासे एकत्र सोडावेत. मात्र हे सगळे मासे किती घाण करतात ते विसरू नये: पीएच जितका जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी ठरतो, त्यामुळे दाट वस्तीच्या टाकीला मजबूत फिल्टर आणि दर आठवड्याला पाण्याचा काही भाग बदलणे अनिवार्य आहे.

प्रश्न : तळाशी राहणारा एखादा मासा सिक्लिडबरोबर चालेल का?

उत्तर : चालेल. कोरिडोरस हा छोटा मार्जारमासा (कॅटफिश) मात्र नको. तो फारच गरीब ठरतो. सिनोडोंटिस गटातले टांगानिकाचे छोटे मार्जारमासे या पाण्यात मजेत राहतात, अंगाने कणखर असतात आणि दगडांच्या फटींत दडून दांडगाई चुकवतात. चार-पाच एकत्र ठेवले तर दिवसाही दिसतात.

त्यांतल्या मल्टिपंक्टेटस या जातीची करामत मात्र माहीत असू द्या. सिक्लिडची मादी अंडी घालून ती तोंडात उचलत असते, नेमक्या त्याच वेळी मल्टिपंक्टेटसची जोडी मध्ये घुसून आपली अंडी तिथे सोडते. बिचारी मादी तीही तोंडात घेते. मार्जारमाशाची पिल्ले आधी बाहेर पडतात आणि यजमान मादीच्या तोंडातच तिची पिल्ले खाऊन वाढतात. कोकिळेचाच प्रकार, फक्त पाण्याखाली. तुम्हाला सिक्लिडची पिल्ले वाढवायची असतील तर ही जात टाळावी.

प्रश्न : दोन-तीन जातींचे पीकॉक एकत्र ठेवले तर?

उत्तर : पीकॉक हेही मलावीचेच सिक्लिड. सगळे नर असतील आणि रंग स्पष्ट वेगळे असतील तर ठेवता येतील. माद्या असतील तर एकच जात ठेवावी. पीकॉकच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या सारख्याच करड्या दिसतात, नरही फारसा भेद करत नाहीत आणि संकरित पिल्ले जन्माला येतात. अशी पिल्ले कोणत्याही जातीच्या नावाने दुसऱ्याला देऊ नयेत. पीकॉक वाळूवर तरंगत, डोक्यावरच्या संवेदनशील छिद्रांनी वाळूतल्या किड्यांची चाहूल घेतात, म्हणून त्यांना मोकळी वाळू हवी. दांडग्या एम्बुनांच्या धाकात ते कोपऱ्यात दबून राहतात आणि त्यांचा रंगही खुलत नाही. त्यांच्या सोबतीला चालण्याजोगा एम्बुना म्हणजे यलो लॅब, तोही पीकॉक पिवळे नसतील तरच.