खिशातली पहिली टॉर्च घेताना

ल्युमेनच्या, म्हणजे उजेड मोजायच्या एककाच्या, मोठ्या आकड्याला भुलू नकोस. अंधाऱ्या जिन्यात किंवा स्कूटरच्या डिकीत शोधाशोध करायला १०० ल्युमेन भरपूर झाले. मी आधी सगळ्यात मंद उजेड बघतो. तो ५ ल्युमेनच्या आत हवा, म्हणजे रात्री लाइट गेली तरी कुणाची झोप न मोडता माठापर्यंत जाता येतं.

एका पेन्सिल सेलवर, म्हणजे डबल ए वर चालणारी घे. सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. पण अल्कलाइन, म्हणजे एकदाच वापरायचा सेल महिनोन्महिने आत ठेवू नकोस, पाझरतो. माझी पहिली टॉर्च अशीच गेली: स्प्रिंगवर पांढरी पूड, झाकण फिरेना. रोजच्या वापराला रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलच बरे.

पावसाळ्यासाठी आयपीएक्स ७ बघ, म्हणजे थोडा वेळ पाण्यात पडली तरी आत पाणी न जाणारी, आणि क्लिप घट्ट हवीच.