दुष्टचक्राला ‘सकारात्मक’ का म्हणायचं?

नाशिकरोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत. सराव परीक्षेत विज्ञानाचा उतारा आला होता: तापमान वाढलं की आर्क्टिकवरचा बर्फ वितळतो, खालचा गडद समुद्र उघडा पडतो, तो जास्त ऊन शोषतो, तापमान आणखी वाढतं. हा फीडबॅक, म्हणजे परिणाम फिरून स्वतःच्या कारणावरच होणं, कुठल्या प्रकारचा? मुलीनं ‘नकारात्मक’ लिहिलं आणि गुण गेला. ताई विचारतात, एवढं सगळं वाईट चाललंय, त्याला सकारात्मक कसं म्हणायचं?

मुलीनं मराठी म्हणून वाचलं, तिथेच घात झाला. आपल्याकडे सकारात्मक म्हणजे चांगलं, आशादायी. बिघडतच जाणाऱ्या गोष्टीला आपला शब्द आहे दुष्टचक्र. आणि विज्ञानात नेमकं हेच दुष्टचक्र ‘सकारात्मक’ ठरतं! (करोनाच्या काळात ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’ ऐकून कुणी पेढे वाटले नव्हते, तसंच हे.)

इथली चिन्हं गणितातली आहेत, धन आणि ऋण. बदल फिरून मूळ जागी आला आणि त्याच दिशेनं आणखी ढकलू लागला, तर धन. उलटा ढकलू लागला, तर ऋण. म्हणून माझं मत असं की मराठी प्रश्नपत्रिकेत ‘धन’ आणि ‘ऋण’च लिहावं. फीडबॅकला बी.एड.च्या पुस्तकांत ‘प्रत्याभरण’ म्हणतात. जड आहे, पण निदान ‘प्रतिसाद’सारखं दिशाभूल करत नाही. प्रतिसाद एकदा दिला की संपतो. इथे प्रत्येक गोष्ट एका खोक्यात लिहून कारणाकडून परिणामाकडे बाण काढले, तर शेवटचा बाण वळून पहिल्या खोक्यात परत यावा लागतो. ‘पुनर्भरण’ सुचवणारेही भेटतात, पण तो शब्द भूजलवाल्यांनी कधीच उचललाय. वर्गात समजावताना मी सरळ ‘वाढवणारं चक्र’ आणि ‘आवरणारं चक्र’ म्हणेन.

आता उतारा कसा वाचायचा ते. प्रत्येक बाणावर एवढंच विचारायचं: मागचं वाढलं तर पुढचं वाढतं की घटतं? वाढत असेल तर सुलट, घटत असेल तर उलट. तापमान वाढलं, बर्फ घटला: उलट. बर्फ घटला, परत जाणारं ऊन घटलं: दोन्ही एकाच दिशेनं, म्हणून सुलट. (ताज्या हिमानं झाकलेला बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो, उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के.) परत जाणारं घटलं, शोषलं जाणारं वाढलं: उलट. शोषण वाढलं, तापमान वाढलं: सुलट. उलटे बाण दोन. ऋण गुणिले ऋण, धन. उलटे बाण सम असतील, किंवा एकही नसेल, तर चक्र वाढवणारं. विषम असतील तर आवरणारं. अंग तापलं, घाम वाढला, घाम वाळताना अंग निवलं: यात उलटा बाण एकच, म्हणून ऋण. आणि ते ऋण आहे म्हणूनच आपण ३७ अंशांच्या आसपास टिकून आहोत.

परीक्षक हमखास आणखी एक सापळा लावतात. तोच उतारा, पण सुरुवात ‘तापमान घटलं’ अशी. बर्फ वाढला, ऊन जास्त परत गेलं, थंडी आणखी वाढली. ‘घटलं’ दिसलं की मुलं डोळे मिटून ऋण लिहितात. पण बाण तेच आहेत, उलटे दोनच. घट आणखी घट घडवते, म्हणजे चक्र धनच.

जवळचं उदाहरण हवं असेल तर पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो घ्या. पिकू लागलेला टोमॅटो इथिलीन वायू सोडतो, इथिलीनमुळे पिकणं वेग घेतं, त्यातून आणखी इथिलीन. उलटा बाण एकही नाही. क्रेटमध्ये एक लाल झाला की शेजारच्यांनाही तो वायू लागतो आणि सगळा माल एकदम पिकतो. द्राक्षाचं तसं नाही. वेलीवरून खुडलेला घड पुढे पिकत नाही, आंबट काढला तर आंबटच राहतो. म्हणून बागायतदार गोडी मोजूनच कात्री लावतो.

ताई, मुलीला आता लासलगावच्या कांद्याचं कोडं घाला. भाव चढला, लागवड वाढली, आवक वाढली, भाव पडला. उलटा बाण एक, म्हणजे चक्र आवरणारं. मग भाव स्थिर का राहत नाही, असं ती विचारेल, आणि विचारायलाच हवं. रोप लावल्यापासून कांदा निघेपर्यंत तीन-चार महिने जातात. आवर बसतो, पण उशिरा बसतो. तोवर सगळ्यांनीच कांदा लावलेला असतो.