वीजबिलात कोण कोणाचे पैसे भरतो?

नवे वीजदर लागू झाले की वाचकांच्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी चार पत्रे घेतली आहेत.

शिरोली, कोल्हापूर : आमची छोटी फाउंड्री आहे. शेतीला स्वस्त आणि आम्हाला महाग, हे कायद्यात बसते का?

बसते, पण मर्यादेत. वीज कायदा 2003 म्हणतो की दर हळूहळू प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ यावेत. कोणत्याही ग्राहकगटाचा दर सरासरी पुरवठा खर्चापेक्षा 20 टक्क्यांहून अधिक वर-खाली नसावा, असे राष्ट्रीय दर धोरण सांगते. शेतीपंपांचा दर त्याच्या बराच खाली राहिला. ही तूट दोन ठिकाणांहून भरली जाते. एक, राज्य सरकारचे अनुदान. दुसरे, तुमच्यासारख्या औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांकडून घेतलेला जादा दर, म्हणजे क्रॉस सबसिडी.

पूर्वी हे खपून जात होते, कारण तुम्हाला दुसरीकडे जाता येत नव्हते. 2003 च्या कायद्याने 1 मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला ओपन ॲक्सेसचा, म्हणजे दुसऱ्याकडून वीज घेण्याचा मार्ग मोकळा केला. हरित विजेसाठी 2022 च्या नियमांनी ती मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. आता जास्त दर भरणारा ग्राहकच आधी बाहेर पडतो. उपकेंद्रे, तारा, वीजखरेदीचे करार मात्र तेवढेच राहतात आणि त्यांचा खर्च उरलेल्यांवर येतो. दर आणखी चढतो, आणखी एक कारखाना सौरऊर्जेकडे वळतो.

माझे मत स्पष्ट आहे. शेतकऱ्याला सवलत द्यावी, पण ती अर्थसंकल्पातून, उघडपणे द्यावी. वीज कायद्याच्या कलम 65 प्रमाणे सरकारला असे अनुदान वितरण कंपनीला आगाऊ द्यावे लागते. जी सवलत विधानसभेत मांडून मंजूर होते तिच्यावर चर्चा होते. जी दरपत्रकात लपते तिच्यावर कोणी बोलत नाही.

मानवत, परभणी : पंपाचे बिल माफ झाले, तरी महावितरणच्या तोट्याचा ठपका आमच्यावरच. आणि पाणी द्यायला रात्रीच वीज का?

ठपका सरसकट मान्य करू नका. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकार भरते, पण त्या आधीपासूनचा एक प्रश्न सुटलेला नाही. असंख्य पंपांना मीटरच नाही. तिथे अश्वशक्तीवरून आकारणी होते आणि वापर अंदाजाने मांडला जातो. हा अंदाज फुगवला की चोरी आणि गळती शेतीच्या नावावर जाते आणि कंपनीची कामगिरी चांगली दिसते. पुण्यातील प्रयास ऊर्जा गटासारखे अभ्यासक वर्षानुवर्षे हेच मांडत आले आहेत. फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर, मीटर बसवून आकडे तपासल्याशिवाय शेतकऱ्याला दोष देणे अन्याय आहे.

रात्रीचा पुरवठा ही कंपनीची सोय होती: इतर मागणी कमी असते तेव्हा पंप चालवायचे. साप आणि बिबट्याच्या भीतीत अंधारात दारे धरायची वेळ तुमच्यावर आली ती या हिशोबातून. तो हिशोब आता उलटतो आहे, कारण दुपारची सौर वीज सर्वांत स्वस्त झाली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभा करून शेतीचा फीडर दिवसा चालवतात आणि ही वीज युनिटला सुमारे 3 रुपयांनी मिळते. क्रॉस सबसिडीचे ओझे मुळातून हलके करणारी ही योजना आहे; तुमच्या उपकेंद्राचा समावेश झाला का, हे ग्रामपंचायतीने लावून धरावे.

पुणे, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी : एन्रॉन प्रकरण जुने झाले. आज त्यातून काय घ्यायचे?

त्यातला करार वाचायला घ्या. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ येथील प्रकल्पाकडून वीज घेण्याचा करार केला. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने तो रद्द केला, पुन्हा वाटाघाटी करून स्वीकारला आणि 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज उचला वा न उचला, प्रकल्पाच्या क्षमतेचे पैसे (स्थिर आकार) द्यायचेच, तेही डॉलरशी बांधलेले. इंधन होते नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारे महागडे इंधन. मंडळाला ते झेपेना, 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिकित्सा केली आहे.

एन्रॉन गेली, पण स्थिर आकार देण्याची पद्धत राहिली. कोळशाच्या केंद्रांशी 25-25 वर्षांचे करार आहेत आणि केंद्र बंद ठेवले तरी त्याचा स्थिर आकार ग्राहकांच्या दरात बसतो. मागणीचा अंदाज चुकला की त्याची किंमत एक पिढी भरते. म्हणून कोणताही नवा मोठा करार जाहीर झाला की युनिटच्या दराआधी विचारावे: वीज घेतली नाही तर काय द्यावे लागेल? वीज साठवणुकीच्या प्रकल्पांनाही हाच प्रश्न लागू आहे.

नाशिक : छतावर सौर पॅनेल बसवावे का? आणि विजेवर जीएसटी आहे का?

वीज जीएसटीबाहेर आहे. तुमच्या बिलातले 16 टक्के हे राज्याचे वीज शुल्क.

छत मोकळे आणि सावलीविना असेल तर बसवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये केंद्रीय अनुदान मिळते. पण गरजेपेक्षा मोठा संच घेऊ नका. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेले युनिट संध्याकाळी तेवढ्याच मोलाने परत मिळते. दुपारी विजेचा सुकाळ आणि संध्याकाळी टंचाई अशी स्थिती येत असताना ही बरोबरी कायम राहील असे मला वाटत नाही. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गीझर दिवसा चालवायची सवय लागली तर नियम बदलले तरी संच परवडेल.