चाकापर्यंतच पाणी आलं होतं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत स्वतःचं छोटं मशीन शॉप चालवणाऱ्या, ४७ वर्षांच्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. साडेतीन पानं गाडीवर आणि अर्धं पान स्वतःच्या पैशावर. कल कुठे आहे ते तिथेच कळलं.

पत्राचा सारांश असा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक बघितली, तेव्हापासून जुन्या गाड्यांचा नाद. आता सांगलीत एका घरी १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री आहे. लाल, दोन सीटची, उघड्या टपाची. मूळ मालक २०११ मध्ये वारले, मुलगा १४ लाख मागतोय. आरसी अजून वडिलांच्याच नावावर, नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली. गाडी सात-आठ वर्षांत सुरू झालेली नाही. '२०१९ च्या पुरात शेडमध्ये पाणी आलं होतं, पण चाकापर्यंतच,' असं मुलगा सांगतो.

वाचकाची विचारणा: ठेवी मोडून ही गाडी घेऊ का? अशा गाड्यांच्या किमती वाढतच जातात, म्हणजे ही एक गुंतवणूकच झाली ना? आणि इंजिन अगदीच गेलं असेल तर मारुतीचं बसवता येईल ना? पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे, बहुधा वहिनींची: 'घ्यायची तर घ्या, पण पोरीच्या पैशाला हात लावायचा नाही.'

दादा, वहिनींच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण चार पानांत आर्थिक नियोजनाचं वाक्य तेवढं एकच आहे.

तुम्ही दिलेले आकडे मांडून बघितले. शॉपमधून सरासरी ९५,००० आणि वहिनींचा पगार ५२,०००, म्हणजे महिन्याला १,४७,०००. घरखर्च ७२,०००, घराचा हप्ता १८,५००, एसआयपी २५,०००. उरतात ३१,५००. तेही पार्टीनं बिल वेळेवर दिलं तर. गेल्या वर्षी दोन महिने पैसे अडकले होते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी हातात २५,००० च धरतो.

ठेवी १४ लाखांच्या. गाडीची किंमतही १४ लाख, म्हणून तुम्हाला हा योग वाटला असेल. पण ते १४ लाख मोकळे नाहीत. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याचे ९०,५०० होतात. धंदा करणाऱ्या माणसाने निदान सहा महिन्यांचे बाजूला ठेवायला हवेत, म्हणजे साधारण साडेपाच लाख. मुलगी बारावीला आहे, इंजिनीअरिंगला जायचं म्हणते. पहिल्या दोन वर्षांची फी आणि हॉस्टेल यांसाठी तुम्हीच साडेचार लाख धरलेत. ते काढले की उरतात चार लाख. म्युच्युअल फंडातले २२ लाख आणि पीपीएफ तुमच्या म्हातारपणाचे. तुम्हाला पेन्शन नाही, त्यामुळे त्यांच्याकडे बघायचंही नाही.

म्हणजे गाडीसाठी आज खिशात चार लाख आहेत. चौदा नव्हेत.

जाता जाता एक गोष्ट, आणि खरं सांगायचं तर गाडीपेक्षा मला हिची जास्त काळजी वाटते. या १४ लाखांपैकी नऊ लाख एकाच पतसंस्थेत आहेत, 'व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं' म्हणून. बँकेत, मग ती सहकारी असो वा सरकारी, एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण लागूच नाही. गाडी घ्या किंवा नका घेऊ, मुलीच्या फीचे साडेचार लाख मुदत संपेल तसे आधी बँकेत आणा.

आता 'गुंतवणूक'. समजा १४ ला घेतली. रस्त्यावर आणायला पहिल्या वर्षी साडेतीन लाख धरा, कसे ते पुढे सांगतो. शिवाय दरवर्षी विमा, देखभाल, परदेशातून येणारे पार्ट असे ७५,०००. पाच वर्षांत सव्वाएकवीस लाख गेले. तेच १४ लाख सात टक्क्यांनी ठेवीत राहिले असते तर पाच वर्षांत साडेपाच लाखांच्या वर व्याज आलं असतं. म्हणजे २०३१ च्या सुमाराला गाडी २७ लाखांना गेली तर तुम्ही आजच्या जागी याल. सांगलीच्या शेडमधल्या स्पिटफायरला २७ लाख देणारा माणूस मला डोळ्यांसमोर येत नाही.

करातही एक मेख आहे. स्वतःच्या वापरातली गाडी विकून नफा झाला तर त्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण ती वैयक्तिक वापराची वस्तू ठरते. पण २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे १९३१ च्या एका फोर्डचं प्रकरण होतं. २०,००० ला घेतलेली ती गाडी २१ लाखांना विकली होती. गाडी वापरता येण्यासारखी होती एवढ्याने भागत नाही, खरोखर वापरली होती हे दाखवा, असं न्यायालयाने म्हटलं. मालकाला ते दाखवता आलं नाही आणि कर लागला. तेव्हा भाव वाढायची वाट बघत ताडपत्रीखाली झाकून ठेवायचा बेत असेल तर तोही गणितात धरा.

मला स्वतःला नादाचं वावडं नाही. मीही एकदा आठ हजारांना लॅम्ब्रेटा घेतली होती. इंजिन एका किकमध्ये सुरू व्हायचं. कागदावरचे मालक मात्र वारलेले, वारस तीन, त्यातला एक दुबईत. ती स्कूटर माझ्या नावावर कधीच झाली नाही. शेवटी एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी नेली, आज तिच्या सीटवर कुंडी आहे. म्हणून तुमच्या पत्रातली 'आरसी अजून वडिलांच्याच नावावर' ही ओळ मी दोनदा वाचली.

वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. ते काम त्या मुलाचं, तुमचं नव्हे. त्याच्या नावावर झाल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. मग फॉर्म २९ आणि ३०, आणि दुसऱ्या आरटीओकडून आपल्या एमएच ०९ ला आणायची म्हणून ना-हरकतीसाठी फॉर्म २८. त्याआधी संपलेल्या नोंदणीचा प्रश्न. वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून ८०,००० रुपये आहे, तीही पाच वर्षांपुरती.

दुसरा मार्ग व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला २०,००० रुपयांत दहा वर्षांची नोंदणी मिळते. पण मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी पन्हाळ्याला मिसळ खायला न्यायचं तुमचं स्वप्न त्यात बसत नाही. आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. मारुतीचं इंजिन बसवलंत की तो दरवाजा बंद.

'थोडे चेकने, थोडे रोख' असा निरोप आला तर तुम्ही नाही म्हणा. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, हे त्यालाही सांगा. नरमेल.

आता गाडी. मी मेकॅनिक नाही, पण या पत्रासाठी एका जुन्या मिस्त्रींबरोबर दोन संध्याकाळी बसलो. ते पूर्वी स्टँडर्ड हेराल्डवर काम करायचे. स्पिटफायर ही हेराल्डचीच बहीण, चासी तिचीच आखूड केलेली. दोन्हींचं डिझाइन इटलीच्या मिकेलोटीचं. आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला बनायची, १९६१ पासून दहाएक वर्षं. त्यामुळे ही गाडी आपल्या मिस्त्रींना वाटते तेवढी परकी नाही.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. चाकापर्यंत म्हणजे किती? स्पिटफायर जमिनीपासून जेमतेम पाच इंच वर. चाकाची रिम १३ इंची, त्यावर टायर. पाणी चाकाच्या वरच्या कडेपर्यंत आलं असेल तर फ्लोअर, दाराखालचे सिल, गिअरबॉक्स, मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियल सगळं पाण्यात होतं. नुसत्या पाण्यात नाही, कृष्णेच्या गाळात. या गाडीत सिल शोभेचे नाहीत, बॉडीचा भार त्यांच्यावर असतो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवा. चिकटला नाही तिथे खाली पुट्टी आहे. मग डिफरन्शियलचा प्लग थोडा सैल करा. तेल दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं, निघालं तर त्या मुलाशी भावाची बोलणी वेगळ्या आकड्यापासून सुरू करा.

दुसरी परीक्षा तुमच्याच धंद्यातली. या इंजिनचं प्रसिद्ध दुखणं म्हणजे थ्रस्ट वॉशर, क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या. त्या झिजून खाली पडल्या की क्रँक पुढेमागे हलते आणि ब्लॉकच खराब होतो. कोणाला तरी क्लच दाबायला आणि सोडायला सांगा, तुम्ही पुढच्या क्रँक पुलीला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लावून बघा. काटा पाव एमएमच्या पुढे गेला तर इंजिन उघडावं लागणार असं धरूनच चाला. बॉनेट अख्खं पुढे उलटं उघडतं, तेव्हा जागा भरपूर आहे. विकणाऱ्यांकडे सहसा डायल गेज नसतो, हा तुमचा फायदा.

पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात, ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं असतं. आयुष्यभर ग्रीस मारलेलं असेल तर झीज ठरलेली. आणि घेतलीतच, तर घाटात वळणावर वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढू नका. मार्क थ्रीची मागची चाकं तेव्हा आत दुमडतात आणि गाडी मागून सुटते. गगनबावड्याला ही शिकवणी परवडणार नाही.

पहिल्या वर्षाचे साडेतीन लाख असे: टायर, ब्रेकचे सिलिंडर, रेडिएटर, वायरिंग, कार्ब्युरेटरचे किट, टप आणि वर सांगितलेली नूतनीकरणाची फी. इंधनाचे सगळे रबरी पाइपही, कारण ते इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. कोल्हापुरात असल्याचा फायदा अर्धाच आहे. धातूचं काही असलं, बुश, पिन, शाफ्ट, अगदी कास्टिंग, तर उद्यमनगरात चहा संपेपर्यंत कोणीतरी ड्रॉइंग मागेल. काच, रबर आणि दिव्यांच्या लेन्स मात्र इंग्लंडहून, कुरिअर आणि कस्टम भरून. इंजिन उघडावं लागलं तर हा आकडा विसरा.

तेव्हा माझं उत्तर: १४ लाखांना नाही. ठेवी मोडून तर नाहीच, आणि बँक एवढ्या जुन्या गाडीला कर्ज देत नाही म्हणून पर्सनल लोन किंवा सोनं गहाण, हेही नाही. वाचकांची अर्धी पत्रं 'नाही'वर संपतात आणि मग ते मला विचारल्याचं विसरून गाडी घेतात, म्हणून पुढचंही सांगतो. आजपासून २५,००० ची आवर्ती ठेव, दीड वर्षाची. ती आणि आजचे चार लाख मिळून तेव्हा नऊ लाखांच्या आसपास होतील. त्यातून साडेतीन बाजूला काढले की गाडीला साडेपाच. या गाडीचा बाजारभाव काय असावा हे मी सांगत नाही, तुमच्या घराला किती सोसेल ते सांगतोय. सांगलीच्या मुलाला हा आकडा अपमान वाटला तर वाटू दे. त्याचे कागद व्हायलाही वेळ लागणारच आहे, आणि शेडमधली गाडी दर पावसाळ्यात त्याच्याच नावावर गंजते.

दरम्यान हात शिवशिवत असतील तर एखादी स्टँडर्ड हेराल्ड बघा. स्पोर्ट्स कार नाही, मान्य. पण ट्रनियन तेच, इंजिनचं घराणं तेच, आणि आपल्याकडेच बनलेली असल्याने आयातीच्या ८०,००० चा प्रश्नही नाही. मिस्त्री म्हणाले, त्यांच्या ओळखीत एक आहे, गारगोटीकडे, कोंबड्या बसतात तिच्यात.

सांगलीला जाल तेव्हा डायल गेज, लोहचुंबक आणि वहिनी, तिन्ही सोबत न्या. पाणी कुठपर्यंत आलं होतं हे शेडच्या भिंतीवर अजून दिसत असेल. ती रेघ टेपने मोजा आणि मला कळवा.